धुरपामाय

पावडरचा डबा मी घरूनच नेते,
हिलालभाऊंच्या बजेटात म्हातारपण बसत नाही.
आधी भांगात, मग कानशिलांवर,
भुवयांवर अगदी चिमूटभर.
शिंक आली की वीस वर्षं उडून जातात,
पुन्हा पहिल्यापासून म्हातारी व्हायचं.

वय सव्वीस. आजवर एकोणीस वेळा सासू,
दोनदा विहीण, एकदा भूत,
तेही सासूचंच.
आवाज जड आहे माझा, वडलांकडून आलेला.
त्यांनी तो पाचकंदीलला लिंबं विकण्यात वापरला,
उरला तो मला.

सून झालेली तेजल शिरपूरची,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
शॉटआधी गमतीनं पाया पडते.
शॉटमध्ये मी तिची वेणी धरून ओढते
आणि ओठ न हलवता विचारते,
दुखत नाही ना गं?

फागण्याच्या पुढं कपाशीचं शेत,
शेतात पत्र्याची खोली.
तेच सासर, तेच माहेर,
पाटी बदलली की तलाठी ऑफिस.
कॅमेरा लग्नातला, उसना.
ट्रॅक्टर गेला, कट.
मोर ओरडला, कट.
कॅमेऱ्याचा मालक बांधावर दिसला, कट,
आणि सगळे एकदम चहाला.
पाचशे रुपये, शेवभाजी, कळण्याची भाकर.
गाडीभाडं ज्याचं त्यानं.

"मन्हा आंडोरले काय चारी दिधं वं तू?"
हे मी असंच बोलून गेले होते, कागदावर नव्हतं.
बारा लाख लोकांनी पाहिलं.
सोमवारी दुकानात त्या बारा लाखांतलीच कुणीतरी
साडी घेऊन येते, फॉल-पिकोला,
म्हणते, दहा रुपये कमी करा ना ताई.
मी कमी करते.

पुण्याला व्हिडिओ पाठवला होता, मालिकेसाठी.
पांढरी भिंत, केस मोकळे,
पावडर फक्त चेहऱ्याला.
चार दिवस आरशासमोर 'ळ' घासला:
डोळे, केळी, काळजी, काळजी, काळजी.
उत्तर आलं, अगदी नम्र:
तुमच्या बोलण्यात गाव येतं.
येणारच. त्याला काय
एसटीत बसवून परत पाठवू?

परवा शूटिंगहून येताना कंडक्टरला म्हटलं,
एक धुळे.
पुढच्या सीटवरची मान वळली.
मांडीवर मूल, हातात चिक्कीचा पुडा.
माझ्या चेहऱ्यात तिनं कुणालातरी शोधलं,
सापडलं नाही.
मग म्हणाली, परत बोला बरं.
मी म्हटलं, काय बोलू?
"धुरपामायच तुम्ही!"

याच एका क्षणासाठी तर सगळं,
पत्रा, ऊन, शिंका.
मी पदर सारखा केला, फोटोसाठी.
ती म्हणाली, आमच्या आत्याबाई तुमचं सगळं बघतात.
ते वाक्य पाठ आहे त्यांना.
मी ताट वाढलं की म्हणतात,
पाहुण्यांपुढं म्हणतात,
सगळे हसतात.
ती हसली नाही.
बाळाचं टोपरं नीट केलं तिनं
आणि चिक्कीचा एक तुकडा माझ्यापुढं धरला.

मी घेतला. नको कसं म्हणणार?
दातांनी फुटेना,
देवपूर येईपर्यंत गालात तसाच.

रात्री हिलालभाऊंचा फोन:
उद्या धुरपामाय मरते.
संवाद नाही. नुसतं पडायचं, पापणी हलवायची नाही.
उन्हात आहे, म्हणून सहाशे देतो.

जिवंतपणी पाचशे, मेल्यावर सहाशे.
मी हसत हसत आईला सांगितलं.
ती उठली, मीठमोहरी घेऊन आली,
माझ्यावरून सातदा उतरवली,
बोटं कडाकडा मोडली,
मग माझ्या केसांतली पावडर झाडत म्हणाली,
पाय दक्षिणले करू दिऊ नको त्यासले.

मी म्हटलं, कॅमेरा जिकडं असेल
तिकडं करतील पाय.

"मंग कॅमेरा फिरावाले सांग."